दुसऱ्या पायरीवरचा सुभेदार

३ जुलै

शाळेच्या मैदानावर ज्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं गेलं, आणि ज्यांच्या वाट्याला पहिला नंबर आला तो फक्त बुटकेपणाचा, अशा माझ्या तमाम बंधुभगिनींनो!

आता तू म्हणशील, आत्या, पत्र एकट्याला लिहिते आहेस, सभा कुठे भरली आहे? सवय, बाबा. बोलता बोलता आयुष्य गेलं, आता लिहितानाही समोर खुर्च्या दिसतात. शिवाय आपल्या घराण्यात पाच फुटांची हद्द ओलांडण्याचा पराक्रम कोणी केलेला नाही. तेव्हा तूही त्या सभेतलाच.

चि. ठोंब्या, अनेक आशीर्वाद. कामाचं बोलते.

तुझी आई परवा येऊन गेली. वहिनी अगदी कौतुकाने सांगत होती, की मी जिथे जन्म घालवला त्या संग्रहालयात आता घोड्यांचं नवं दालन होतं आहे, ते तुझ्या ताब्यात आहे आणि त्याचं नाव ‘प्रगतीचा जिना’. पाच पायऱ्या, पाच सांगाडे. सगळ्यात खाली कोल्ह्याएवढा आद्य घोडा, सगळ्यात वर आजचा उमदा. खर्च एका लिफ्ट बनवणाऱ्या कारखानदाराने उचलला. लिफ्टवाल्याने जिना बांधून द्यावा, यातला विनोद तुमच्या संचालकांच्या लक्षात आला नसेल. तो लक्षात येईपर्यंत घोड्याचं उरलेलं एक बोटही झडून जाईल.

अरे, घोड्याचं घराणं म्हणजे जिना नव्हे, झुडूप आहे. एकाच काळी, एकाच कुरणात, तीन बोटांचे आणि एका बोटाचे, थोराड आणि ठेंगणे, सगळे शेजारी शेजारी चरत होते. कोणी वाढले, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या उलट लहान होत गेले आणि तसेच मजेत राहिले. बाकीच्या फांद्या वाळल्या, एक उरली. आता त्या फांदीवर बसून आपण म्हणतो, अख्खं झाड माझ्यासाठीच उगवलं होतं! घोड्यांबद्दल असं बोललं की त्याला दालन म्हणतात. स्वतःबद्दल बोललं की त्याला इतिहास म्हणतात.

असो. मला एकच विचारायचं आहे. तुमच्या पाचांपैकी चार प्लॅस्टरचे, विकत आणलेले. खरं हाड एकट्या माझ्या सुभेदाराचं. माझ्या कमरेएवढा, पायाला तीन बोटं, मान मात्र अशी ताठ की मी पहिल्याच दिवशी त्याला हुद्दा देऊन टाकला. मी त्याला खणून काढला तो ज्वालामुखीच्या राखेच्या पट्ट्याच्या वर. त्याच पट्ट्याच्या खाली त्याच्या दुपटीचे घोडे सापडतात. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा, एवढं तर घडी केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यालाही कळतं.

सुभेदाराला कोणत्या पायरीवर ठेवलं आहे?

फोन करू नकोस. फोनवर माणूस हो हो म्हणून सुटतो. पत्रात त्याला वाक्य पूर्ण करावं लागतं.

तुझी आत्या

*

९ जुलै

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघा कसा आहे? आईने पाठवलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवलं आहेस?

दालन फार सुंदर होतं आहे. रंग फिका निळा. पायऱ्या सागवानी, सुताराने अशा बसवल्या आहेत की सांधा दिसत नाही. प्रत्येक पायरीवर वरून वेगळा दिवा. आद्य घोड्याची पुढची चार बोटं त्या दिव्यात इतकी स्पष्ट दिसतात की तुला आवडेल. उद्घाटन वीस ऑगस्टला आहे.

सुभेदाराला उत्तम जागा मिळाली आहे. उजेड भरपूर. लोक आत आले की पहिल्याप्रथम त्याच्याकडेच नजर जाते. म्हणजे दुसरी पायरी.

आत्या, लगेच चिडू नकोस. मांडणी उंचीप्रमाणे आहे. मी इथे आलो तेव्हा पायऱ्या तयार होत्या. दुसरीची रुंदी सुभेदाराच्या मापाने कापलेली आहे, तिथे दुसरा कोणी मावायचा नाही. पाटीवर काळ लिहिलेलाच नाही, कारण संचालकांच्या मते आकडे दिसले की लोक कंटाळतात. तेव्हा खोटं असं आपण काहीच लिहीत नाही.

माझी उमेदवारी याच ऑगस्टमध्ये संपते. कायम व्हायचं की नाही, ते संचालकांच्या हातात आहे. हे मी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो.

तुझा,
ठोंब्या

*

१२ जुलै

चि. ठोंब्यास आशीर्वाद, यावेळी थोडे कमी.

“खोटं असं आपण काहीच लिहीत नाही.” वा! हे वाक्य संगमरवरात कोरून तुमच्या दारावर लावा. जगातली मोठमोठी असत्यं अशीच उभी राहिली आहेत, एक शब्दही न लिहिता. नुसतं रांगेत उभं करायचं. पुढचं बघणारा स्वतःच बोलतो आणि वर त्याला वाटतं, हे आपलं आपल्यालाच सुचलं.

दुसऱ्या पायरीचा अर्थ काय, माहीत आहे? आद्य घोडा साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. तिसऱ्या पायरीवरचा साडेतीन कोटींचा. त्यांच्यामध्ये तुम्ही माझा पन्नास लाखांचा सुभेदार कोंबला! लग्नाच्या फोटोत नातवाला पहिल्या रांगेत बसवून, लहान दिसतो म्हणून त्याला खापरपणजोबा म्हणण्यातला हा प्रकार. नातू रडला तर म्हणायचं, बाळा, उजेड भरपूर आहे.

आणि जागा त्याच्या मापाने कापली म्हणे! म्हणजे आधी कळस, मग पाया, आणि त्यानंतर इमारतीत राहणाऱ्यांना विचारायचं, तुम्ही जरा वाकता का?

उमेदवारीचं समजलं. मी तुला नोकरी सोड म्हणत नाही. भाकरी फेका म्हणून सांगणारे वक्ते मी खूप पाहिले, त्यांची स्वतःची नेहमी फडक्यात बांधलेली असते. मी एवढंच म्हणते की संचालकांच्या खोलीत जा, दार लावून घे, आणि सांग, की याची पायरी चौथी. पाचवीवरच्या एका बोटाच्या घोड्याच्या जवळजवळ बरोबरीचा हा. तिसऱ्यापेक्षा बुटका दिसला तर दिसू दे. बुटकं दिसणं हा गुन्हा नाही, आपण सगळे सुटून फिरतो आहोत.

घोडं अडलंय कुठे, ते मला कळव.

आत्या

*

२१ जुलै

ती. आत्यास नमस्कार.

घोडं सुटलं! ऐक.

मी गेलो. दार लावायला मिळालं नाही, कारण आत आधीच सजावटकार आणि देणगीदारांचे व्यवस्थापक बसले होते. तरी म्हटलं, “सर, दुसऱ्या पायरीवरचा चौथीवर न्यायला हवा. तो नंतरच्या काळातला आहे.”

सजावटकार म्हणाला, “चौथीवर? तिसऱ्यापेक्षा ठेंगणा? अहो, डोळा वर चढत चढत मध्येच खड्ड्यात पडेल!”

“काही घोडे काळाबरोबर लहान झाले,” मी म्हटलं.

“लहान झाले?” संचालक हळूच म्हणाले. तुला माहीत आहे, ते कधी आवाज चढवत नाहीत. “प्रगतीच्या जिन्यावर?”

व्यवस्थापक म्हणाले, “आमच्या जाहिरातीत लिफ्ट फक्त वर जाते.”

“आणि खाली यायचं असेल तर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ते गिऱ्हाईक आपलं आपण बघतं.”

मी हललो नाही, आत्या. खरंच हललो नाही. राखेचा पट्टा कागदावर काढून दाखवला. शेवटी संचालक म्हणाले, “हे बघा, तुमच्या आत्याबाईंचा थर आपण मानू. पण मग तो एवढासा का, याचं उत्तर लोकांना पटेल असं हवं.” आणि स्वतःच म्हणाले, “शिंगरू असेल! चौथीवरच्या मोठ्या घोड्याच्या पायाशी उभं करा. आई आणि पिल्लू. लोकांना डोळ्यांत पाणी येईल.”

सजावटकार टाळी वाजवून उठलाच. चौथी पायरी रुंद आहे, दोघं मावतात. म्हणजे थर तुझा राहिला, उंची त्यांची राहिली, आणि माझं कामही झालं. ‘तीन बोटांच्या घोड्याचं शिंगरू’ अशी पाटी. शुक्रवारपर्यंत तिच्यावर तज्ज्ञ म्हणून मी सही करायची आहे.

तुला हवी ती पायरी मिळाली. आता तरी म्हण, शाब्बास ठोंब्या.

*

२४ जुलै

शाब्बास ठोंब्या.

म्हण म्हणालास, म्हटलं. आता ऐक.

आधी तो बुटका होता म्हणून त्याला पूर्वज केलंत. पूर्वज नाही म्हणून सिद्ध झालं, तर बुटका आहे म्हणून पोर केलंत. लहान असलं की या जगात दोनच हुद्दे मिळतात, पूर्वज किंवा पोर. पूर्ण वाढलेला, आजच्या काळातला, शहाणासुरता आणि तरीही लहान, अशी जागा तुमच्या कोणत्याच पायरीवर नाही. मी तीस वर्षं त्या इमारतीत काम केलं आणि तीस वर्षं दारावरचा प्रत्येक पाहुणा मला विचारत होता, “बाळ, साहेब आहेत का आत?” मी साहेबच होते रे!

आणि ती आई कोण? ज्याला आई ठरवलंत तो प्लॅस्टरचा घोडा दीड कोटी वर्षांपूर्वीचा. एक कोटी वर्षांचं अंतर ठेवून झालेलं ते बाळंतपण बघायला लोकांच्या डोळ्यांत पाणी येणारच.

आता मुद्द्याचा प्रश्न. शिंगरू म्हणून सही करण्याआधी तू त्याचं तोंड उघडून बघितलंस का? बाजारातला दलाल पाठीवर हात ठेवण्याआधी ओठ वर करतो. दुधाचे दात असले तर शिंगरू, नसले तर नाही. घोड्याच्या वयाबद्दल जगात एवढं एकच सोपं आहे, आणि घोड्यांचा तज्ज्ञ तेवढंच सोडून सगळं बघतो!

मला माहीत आहे, जबडे दगडाने एकमेकांना चिकटलेले आहेत. मी काढला तेव्हा आमच्या प्रमुखांना घाई होती, ते म्हणाले, बाहेरून छान दिसतो, राहू दे. राहिलं. चाळीस वर्षं तो तोंड मिटून उभा आहे. आमच्या खात्यात तोंड मिटून उभं राहणाऱ्यांना नेहमीच चांगली जागा मिळाली.

उघड ते.

आत्या

*

२ ऑगस्ट

ती. आत्यास,

पत्राला उशीर झाला. कसं लिहावं, कळत नव्हतं.

शुक्रवारी मी सही केली नाही. संचालकांना म्हटलं, तोंड बघितल्याशिवाय नाही. ते म्हणाले, “बघा, पण दालनात धूळ नको.” मी कवटी उतरवून खालच्या कार्यशाळेत नेली. दातांच्या डॉक्टरांकडे असते तसली बारीक कोरणी घेऊन दगड कणाकणाने काढला. मध्ये एकदा वरचा जबडा करकरला, तेव्हा मी कोरणी खाली ठेवली. पण काही तुटलं नाही. परवा तोंड उघडलं.

शिंगरू नाही. दुधाचा एकही दात नाही, सगळे कायमचे, अगदी मागची दाढसुद्धा बाहेर आलेली. तिथपर्यंत तू बरोबर.

पण आत्या, दात आखूड आहेत. दाढा जेमतेम माझ्या नखाएवढ्या उंच. वरून आरशासारख्या गुळगुळीत, ना उंचवटे, ना नक्षी. तूच मला शिकवलंस, की पाला खाणाऱ्या जुन्या घोड्यांचे दात आखूड आणि गवत खाणाऱ्या नंतरच्या घोड्यांचे उंच. गवतात वाळूसारखी कचकच असते, तिने दात झिजतात, म्हणून निसर्गाने उंच दात दिले. सुभेदार पन्नास लाख वर्षांपूर्वीचा असेल तर त्याचे दात उंच हवेत. ते नाहीत.

मी तीन वेळा मोजलं.

कधी कधी पुराने जुनी हाडं वाहून नव्या थरात येतात. तसं झालं असेल. तू तेव्हा नवीन होतीस, हाताखाली माणसं नव्हती. कोणीही चुकलं असतं. दुसरी पायरीच त्याची, असं आता मलाही वाटतं. पूर्वजाच्या पाटीवर मी काल सही करून दिली. कोणाच्या भीतीने नाही, दात बघून.

तुझा शब्द खोटा पडावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. गुडघ्याला जप.

ठोंब्या

*

४ ऑगस्ट

चि. ठोंब्या,

पत्र उघडलं आणि “दात आखूड आहेत” इथे थांबले. खुर्ची ओढली, बसले. चाळीस वर्षं सभांमध्ये टेबलावर मूठ आपटून जे सांगितलं ते जर खोटं असेल, तर पहिलं पत्र कोणाला लिहायचं, याचा विचार करत होते. चहा गार झाला. मग म्हटलं, निदान पोराचं पत्र तरी पूर्ण वाचावं. पुढची ओळ वाचली आणि इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

“वरून आरशासारख्या गुळगुळीत, ना उंचवटे, ना नक्षी.”

अरे ठोंब्या, तुझं नाव ठेवलं तेव्हा घरातल्या कोणी तरी भविष्य वाचलं होतं!

पूर्वजांचे दात आखूड होते, पण गुळगुळीत कुठे होते? पाला चावायचे ते. त्यांच्या दाढांवर टेकड्या असतात, कडा असतात. तुझ्या हातात आहेत त्या आखूड जन्मलेल्या दाढा नाहीत, आखूड झालेल्या आहेत. आयुष्यभर गवत चावून चावून संपलेल्या! टाच झिजलेली चप्पल हातात घेऊन कोणी म्हणावं, हिला टाच नव्हतीच, आणि वर सही करावी, यातला हा प्रकार. चुकलास तेही कसा, तर अभ्यास करून. न शिकलेल्या माणसाला ही चूक करता आली नसती. तो म्हणाला असता, म्हातारं जनावर दिसतंय, बिचाऱ्याचे दात गेले.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. विश्वास ठेवूनच तुम्ही सगळे जिने बांधता. तीन गोष्टी बघ. एक, खालच्या जबड्याचं हाड किती खोल आहे? नखाएवढ्या दातांना एवढी खोल पेटी कशाला लागते? म्यानावरून तलवार कळते. दोन, दाढेच्या बाजूने सिमेंटसारखा राखाडी थर आहे का? जुन्यांना तो नसतो. तीन, मुळं बंद होऊन जाड झाली आहेत का? झाली असतील तर ते म्हातारपण. या तिन्हींतलं एक जरी उलटं निघालं, तर मला कळव, मी माझ्या पुढच्याच सभेत सांगेन की मी चुकले. तिन्ही सुलटी निघाली, तर तू काय करायचं ते मी सांगणार नाही.

आणि एक. कोणाच्या भीतीने सही केली नाहीस, हे मला पटलं. म्हणून तर एवढ्या प्रेमाने शिव्या देते आहे. भित्र्याला मी नुसतं “कळलं” असं लिहिते.

तुझी,
कवळीवाली आत्या

*

९ ऑगस्ट

ती. आत्यास शिरसाष्टांग.

जबडा खोल. सिमेंट आहे. मुळं बंद आणि गाठीसारखी जाड. तिन्ही सुलटी. मी ठोंब्या.

म्हातारं जनावर, आत्या. पूर्ण वाढलेलं, वाढून म्हातारं झालेलं, आणि तरीही तुझ्या कमरेएवढं. एका बाजूची शेवटची दाढ तर मुळापर्यंत संपली आहे. त्या बाजूने त्याला चावताच येत नसणार, तरी दुसऱ्या बाजूने चावून चावून ते बराच काळ जगलं. मी कवटी हातात धरून उभा होतो. पूर्वज म्हणालो, पोर म्हणालो, पुन्हा पूर्वज म्हणालो, आणि हे आपलं निमूट गवत खात म्हातारं झालेलं.

पण माझीही एक बातमी आहे. खुर्चीत बस.

घोड्यांना पुढच्या आणि मागच्या दातांच्या मध्ये सुळे असतात, ते नरांना. माद्यांना नसतात किंवा नावापुरते असतात. हे तुला मी शिकवायला नको. तोंड उघडल्यावर मी दाढांमध्येच अडकलो होतो, काल पुढे बघितलं. सुळे नाहीत. खालच्या बाजूला तांदळाएवढा एक ठिपका, बस.

आत्या, तुझा सुभेदार बाई आहे.

तू आजवर किती सभांमध्ये सांगितलंस, की जगाला कर्तबगार दिसला की तो पुरुषच असणार असं वाटतं? मी चार सभांना होतो, चारही वेळा टाळ्या वाजवल्या. ताठ मान बघितल्या बघितल्या हुद्दा कोणी दिला होता?

असो. मी संचालकांकडे गेलो, म्हटलं, माझी सही चुकीची होती, परत घेतो. ते म्हणाले, “पाटी छापून झाली.” मी म्हटलं, “सर, ती म्हातारी घोडी आहे.” ते म्हणाले, “म्हातारी घोडी बघायला लोक तिकीट काढतील का?” मग अगदी मायेने म्हणाले, “तुमचं कायम करण्याचं पत्र तयार आहे. एकवीस तारखेला सही करतो. वीसला पाहुण्यांना दालन तुम्हीच दाखवायचं.”

तू ये. तू बोल. तुझ्यापुढे त्यांचं काही चालणार नाही.

ठोंब्या

*

११ ऑगस्ट

चि. ठोंब्या,

बाई आहे! चाळीस वर्षं मी तिला मिशा लावून फिरवली. आणि मी जगाला शिकवत होते! वहिनीला सांगू नकोस. म्हणजे सांगशीलच, पण मी इथे तोंड लपवायला एखादा कोपरा शोधते तोवर थांब. आता काय म्हणायचं तिला? सुभेदारीणबाई म्हटलं तर सुभेदाराची बायको वाटते. राहू दे, सुभेदारच म्हणू. हुद्दा तिने कमावलेला आहे, मी फक्त चुकीच्या समजुतीने दिला.

मी येणार नाही.

निमंत्रण आलं आहे, नववी रांग, खांबाच्या मागे. पण कारण ते नाही. मी आले तर मी बोलेन. मी बोलले की लोक माना डोलावतील, बाई छान बोलतात म्हणतील, टाळ्या वाजवतील, आणि चहा पिऊन पुन्हा जिन्यापाशी फोटो काढतील. आजवर हेच झालं. लोकांनी मला ऐकलं आणि जिने बांधले. माझ्या आवाजाची त्यांना सवय झाली आहे. तुझ्या आवाजाची नाही.

त्यातून तोंड तू उघडलंस तिचं. आता स्वतःचं उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी पत्रात जोर लावणार नाही. कायम व्हायची इच्छा असणं ही लाजेची गोष्ट नाही. घरभाडं सत्याच्या नावाने भरता येत नाही, हे मलाही माहीत आहे.

घोडा मैदान जवळच आहे. काही झालं तरी कळव.

आत्या

*

२३ ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

झालं ते सांगतो.

वीसला पाहुणे आले. फीत कापली गेली. देणगीदार, त्यांचे कुटुंबीय, संचालक, सजावटकार, सगळे माझ्या मागे. पहिल्या पायरीपाशी मी पाठ केलेलं बोललो. दुसरीपाशी आलो आणि तिच्याकडे बघितलं. दिवा बरोबर तिच्या कपाळावर पडला होता.

मी तुझ्यासारखं बोललो नाही, मला येत नाही. आवाज चिरकला. म्हटलं, “ही इथली नाही. ही पूर्वज नाही, पिल्लूही नाही. ही पन्नास लाख वर्षांपूर्वीची म्हातारी घोडी आहे. तिचे दात गवत खाऊन झिजले, ते बघून मीच फसलो आणि चुकीची सही केली. हिची जागा वर, शेवटच्या घोड्याच्या शेजारी आहे.”

मागून एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण मला वाटतं, त्यांना भाषण संपलं असं वाटलं. देणगीदार वर दिव्याकडे बघत होते. संचालक म्हणाले, “चला, तिसरी पायरी,” आणि सगळे चढले.

एकवीसला मला आत बोलावलं. मी पेन नेलं नव्हतं, लागणार नाही हे माहीत होतं. ते शांत होते. म्हणाले, “तुम्ही तज्ज्ञ आहात, मी नाकारत नाही. म्हणून काढत नाही. पण कायमचं पत्र सध्या टेबलावरच राहील. आणि दालनात आपणहून एक शब्द बोलायचा नाही.”

मी विचारलं, “आणि प्रेक्षकाने विचारलं तर?”

“तर सांगा. विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं, हा इथला नियमच आहे. तो मी मोडणार नाही.” मग हसले. “पण विचारतंय कोण? मी इतकी वर्षं बघतो आहे. लोक फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. लोक विचारायला लागले ना, तर मी स्वतः सुताराला बोलावून पायरी बदलून घेईन.”

तीन दिवस झाले. मी रोज सकाळपासून दालन बंद होईपर्यंत दुसऱ्या पायरीपाशी उभा असतो. शेकडो लोक येतात. मुलांना उचलून दाखवतात, “बघ, घोडा आधी एवढासा होता.” मी तोंड मिटून उभा. सहा जणांनी स्वच्छतागृह विचारलं. मी सांगितलं, जिन्याच्या डावीकडे.

आत्या, शनिवारी वाचनालयात तुझी सभा आहे, असं आई म्हणाली. त्या सभेत तू बोलू नकोस. हे पत्र वाचून दाखव. इथून पुढचं त्यांच्यासाठी आहे.

सभेतल्या मंडळींनो, मी आत्याचा भाचा. मला वक्तृत्व नाही, फक्त एक उत्तर आहे आणि ते द्यायला मला मनाई आहे, तुम्ही विचारेपर्यंत. मला सह्यांचं निवेदन नको, घोषणा नको, माझ्या नोकरीसाठी रदबदली तर मुळीच नको. चूक दुरुस्त करायला सुतार तयार आहे, लाकूड तयार आहे. अडलंय ते फक्त एका प्रश्नावाचून. उद्या रविवार. दालन दहाला उघडतं. या, दुसऱ्या पायरीसमोर उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारा, “हिचं वय किती?”